शेकोटीमागचं तांबं

धाकट्या भावाने सकाळपासून जेवणाच्या टेबलावर पत्र्यांचे तुकडे मांडले होते. भिंतीतल्या शेकोटीच्या पाठीला नक्षीचा पत्रा लावायचा, म्हणजे ऊब विटांत न जिरता खोलीत परत येईल, हा त्याचा नवा नाद. ताईची बॅग दाराशी भरून ठेवलेली. लेकीचे दिवस भरले होते. दुपारच्या गाडीने तिच्याकडे पोचायचं होतं.

"लोखंड घे की. दणकट असतं," ताई म्हणाली.

"ऊब धरून बसतं ते. तुझ्यासारखं, लवकर काही सुटत नाही हातातून."

"मग पितळ."

"बघ, तासाभरात तोंड काळं केलं त्याने."

जस्ताच्या मुलाम्याचा तुकडा आगीपाशी नेताच धुरकटला, खोकला सुरू झाला. उरलं तांबं. त्याने त्यावर ठोकून ठोकून वेल उठवली आणि ते असं उजळवलं, की विझता निखाराही त्यात जागा व्हावा. शेवटचा स्क्रू पिळला, तशी खोली कुशीसारखी उबदार झाली.

"राहा ना आजचा दिवस," तो हळूच म्हणाला. "घर भरल्यासारखं वाटतंय."

"वेडा का तू? एकटी आहे पोरगी."

उकडायला लागलं, म्हणून तिने खिडकी उघडली. बाहेर झाडं वाऱ्याने वाकत होती. पडदा हलला नाही. कपातला उरलेला चहा तिने खिडकीबाहेर फेकला.

तो तिच्याच पायांवर सांडला.

तिने बॅग उचलली, दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं. समोर शेकोटी होती.

"काय विसरलीस?" भावाने विचारलं.

ती मागच्या दाराने गेली. समोर शेकोटी.

"काढ तो पत्रा."

त्याने भराभर स्क्रू काढले. पत्रा निघाला. मागच्या विटा तशाच तांबूस झळकत होत्या.

सांजावताना फोन वाजला. भावाने स्पीकर लावला.

"मामा, मुलगी झाली," लेकीचा दमलेला, हसरा आवाज. "बरं झालं, आईला वेळेत पाठवलंस."

"अगं, मी इथे आहे," ताई ओरडली. शब्द भिंतीवर आपटून तिच्याच कानांत परत आले.

"मामा, ऐकतोयस ना? बाळाला आईनेच घेतलंय. पण तिचे हात एवढे कसे रे तापलेत?"