भिकुबाईच्या नावाचं घड्याळ

शेजारी नुसती पेटी उघडल्याचा आवाज आला तरी आत काय आहे ते बघून आल्याशिवाय मला चैन पडत नाही. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. पण त्या फाल्गुनात बेबाबरोबर घड्याळं घ्यायला मी गेले नसते, तर हे सांगायची पाळी आली नसती.

बेबा म्हणजे आमच्या शेजारच्या अभिमनची दुसरी बायको. आम्ही भडगावचे. केळीवर अभिमनचे दिवस पालटले आणि त्यानं चार खोल्यांचं नवं घर बांधलं. त्याच्या विटा वाहिल्या पहिल्या बायकोनं, भिकुबाईनं. गिलावा ओला होता, वास्तुशांत व्हायची होती, आणि मधल्या खोलीत ती तापानं गेली. वर्षाच्या आत बेबा आली.

बेबाला सातवा महिना होता. म्हणाली, "अक्का, माझ्या जन्माची वेळ कोणालाच ठाऊक नाही. गुरं घरी आली तेव्हा झाले, एवढंच. माझ्या लेकराची पत्रिका नीट झाली पाहिजे." अभिमननंही सांगून ठेवलं होतं, खोलीला एक घड्याळ घ्या, कमी करू नका. तेव्हा आमच्या गल्लीत कोणाकडे एकसुद्धा नव्हतं.

पाचोऱ्याहून गाडीनं आम्ही जळगाव गाठलं. दुकानात भिंतभर लोलक हलत होते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. बेबानं बैठकीसाठी ठोके देणारं घेतलं, माथ्यावर लाकडी घोडा कोरलेलं. स्वयंपाकघराला गोल, पांढऱ्या तबकडीचं, धूर बसला तरी पुसता येईल असं. निजायच्या खोलीला काचेवर हंस रंगवलेलं. उरली मधली खोली. तिथे बेबा पाऊल टाकत नसे.

आता माझी चूक सांगते. आमच्याकडे दुसरेपणाची बाई गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालते, चांदीचा. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. मी म्हटलं, "बेबा, एक तिच्या नावानं घे. तिच्या खोलीत लाव. तिचं मन भरेल."

बेबानं काळ्या लाकडाचं, सगळ्यांत देखणं घड्याळ निवडलं. घरी आणून टाक त्याच्या काचेला टेकवला आणि दात आवळून म्हणाली, "भिकुबाई, हे तुमचं. बाकीचं घर माझं."

बेबाची सासू धुरपदाबाई उंबऱ्यात उभी होती. ती मला म्हणाली, "मरेल बाईले घड्याळ दिन्हं? आते ती घटका मोजत बसी."

"मेलेली बाई कसली घटका मोजते! तुम्हाला तर नव्यातलं काहीच पटत नाही," मी हसून म्हटलं.

पंधरा दिवसांनी बैठकीतलं घड्याळ थांबलं. चावी भरली तरी दोन झोके घेऊन लोलक उभा. आणि त्या खोलीत ओल्या चुन्याचा वास यायला लागला, चैत्राच्या कोरड्या उन्हात. बेबा तिथे बसली की तिचा श्वास कोंडे. मग स्वयंपाकघरातलं थांबलं. त्याच दिवशी कढई आपोआप कलंडली आणि बेबाचा हात पोळला. तेव्हापासून ती निजायच्या खोलीतून बाहेर पडेना.

"अक्का, ती एकेक खोली घेतेय..."

"मधलं घड्याळ काढून टाक."

"सवतीला दिलेलं परत घेऊ? पोटात हे असताना?"

मधलं घड्याळ तसंच भिंतीवर राहिलं.

वैशाखात एका मंगळवारी भर दुपारी मी तिच्याजवळ वारा घालत बसले होते. बाहेर पाखरू बोलत नव्हतं. मधल्या खोलीतून आवाज आला. कर्र... कर्र... कोणीतरी सावकाश, भरपूर चावी भरत होतं.

बेबानं कमरेला हात लावला. "चावी तर माझ्याकडे आहे..."

समोरचं हंसाचं घड्याळ थांबलं, आणि तिला कळा सुरू झाल्या.

सुईण आली. धुरपदाबाईनं दार लोटून घेतलं आणि आतून मला विचारलं, "वेळ कोण देखी?" चालू घड्याळ आता एकच होतं. मी चौथी शिकलेली, घड्याळ मला कळतं. पेन आणि कागद घेऊन मी मधल्या खोलीत गेले.

आत माठाजवळ असतो तसा गारवा होता. भिंतीला हात टेकवला तर तो ओला झाला. घड्याळ टक टक करत होतं. पलीकडे पोर रडलं. चार वाजून दहा मिनिटं. माझ्या पाठीशी कोणीतरी लांब श्वास सोडला, डोक्यावरचं ओझं उतरवताना सोडतात तसा. मी मागे पाहिलं नाही. वार, वेळ, आईचं नाव, जोशीबुवांना लागतं तेवढं तिथेच भराभर लिहिलं आणि बाहेर आले.

मुलगा झाला. बेबाही वाचली. पण पोर तिचं दूध घेईना. छातीशी धरलं की मान फिरवून मधल्या भिंतीकडे बघे. गाईच्या दुधाच्या बोळ्यावर कसंबसं तगलं.

बाराव्या दिवशी जोशीबुवा ओसरीवर बसले. मी चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, "मंगळवार. चार वाजून दहा. आई, भिकुबाई."

पोराला झोळीत टाकून बेबा दारात आली होती. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "अक्का... तुम्हीसुद्धा?"

मी चिठ्ठी फाडली. दुसऱ्या कागदावर सगळं पुन्हा लिहिलं. एकेक अक्षर मनात म्हणत बेबाबाई लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

बुवांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, यातही भिकुबाईच आहे."

मी कागद बघितला. अक्षर माझंच होतं, शाई ओली होती.

अभिमन बुवांपाशी, धुरपदाबाई माझ्या शेजारी बसलेली, बेबा समोर दाराच्या चौकटीला धरून उभी. आणि आत, रिकाम्या घरात, पोर चुटूचुटू दूध पीत होतं.