नावाची जागा

शनिवारची सकाळची शाळा सुटली की ग्रामसभेच्या खोलीत जायचं आणि कम्प्युटरमधलं रंभाआजीचं गाणं पेनड्राइव्हवर काढून आणायचं, एवढंच काम मुखरूकाकांनी मला सांगितलं होतं.

रंभाआजी ही त्यांची आई. ती वारली होती, आणि रविवारी तिच्या नावाचा, आठवणीचा दगड उभा करायचा होता. आमच्या गावात त्या वेळी एक गाणं म्हणतात. गाण्यात एक जागा येते. तिथे गेलेल्या माणसाचं नाव घेतात, घरातला थोरला 'ओ' देतो, आणि मग ते गेलेलं माणूस दगडापाशी येतं. हे गाणं आजीशिवाय कोणालाच पूर्ण येत नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, सोमाजीआजोबांच्या दगडाला तिनं म्हटलेलं तेवढं या कम्प्युटरमध्ये राहिलं होतं. काका म्हणाले होते, "बुढ्याचं नाव आलं का आवाज बंद कर. तिथी आमी मायचं नाव घेऊ."

खोलीत मोहफुलांची पोती होती. आंबूस, गोड वास डोक्यात चढत होता. कम्प्युटर सुरू केला तर त्यावर लिहून आलं, तो ज्यावर चालतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती तयार आहे. आमच्याकडे नेटवर्क आपल्या मर्जीनं येतं, आणि आज ते पूर्ण होतं. मी 'होय' दाबलं. ओळींमागून ओळी धावत राहिल्या, आणि मध्येच विजेची लाइन गेली.

लाइन आली तेव्हा पडदा काळा होता. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

दारात मुखरूकाका आणि त्यांचे धाकटे भाऊ झिंगूकाका उभे होते.

"झालं का वं पोरी?"

"नाई काका... पडदा काळा झाला."

झिंगूकाका हसले. "अवं, कापी काढाच्या आधी कायले हात लावाचा? चांगल्या बैलाले नवे शिंगं लावाले गेली!"

मुखरूकाका हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मायचा आवाज तेवढाच हाय, पोरी. उद्या गाणं नाई झालं तं माय येईन कुठी?"

ते गेले. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण कम्प्युटरसमोर मी लाजत नाही. माधवीताई कम्प्युटर शिकवायला यायच्या तेव्हा सांगायच्या, पडदा काळा झाला म्हणजे आतलं मेलं असं नाही. मी तो बंद केला. सुरू होताना कळ दाबून धरली आणि यादीतून जुना कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडला. लिनक्स नवा गाभा आला तरी जुना लगेच टाकून देत नाही. अक्षरं उमटली. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायची कमांड मी आठवून आठवून टाइप केली. ओळी पुन्हा धावल्या. शेवटी आमच्या तळ्याचा फोटो पडद्यावर आला, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण आवाज नव्हता. आवाज चालवणारा प्रोग्राम बंद पडला होता. मी तो सुरू करत होते, तेव्हा बाहेरच्या किड्यांची किर्र एकदम थांबली. स्पीकरमध्ये कोणीतरी घसा साफ केला. गाण्याआधी करतात तसा.

स्पीकरची वायर अजून माझ्या हातातच होती...

मी ती लावली. गाणं लागलं. नावाच्या जागी 'सोमाजी' आलं, नेहमीसारखं. मी ते पेनड्राइव्हवर काढलं आणि ताठ मानेनं घरी गेले.

रविवारी दगडाभोवती सगळं गाव जमलं होतं. पेनड्राइव्ह लावलेला स्पीकर मी धरला होता. नावाची जागा जवळ आली, माझं बोट बटणावर गेलं, आणि आजीचा आवाज स्पष्ट म्हणाला,

"रंभा..."

"ओ!" मुखरूकाकांनी दिला. बाया रडू लागल्या.

"वा वं!" झिंगूकाका ओरडले. "नाव बी बदलवून देल्लं पोरीनं! नागपूरच्या इंजिनेरले जमते का हे?"

मी केलं नाही, असं मला सांगायचं होतं. पण मुखरूकाकांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी मान डोलावली. अभिमानानं की भीतीनं, ते अजून कळत नाही.

संध्याकाळी मी खोलीत जाऊन मूळ गाणं लावलं. आता नावाच्या जागी नाव नव्हतं. नुसता श्वास होता, कोणीतरी नाव सांगेल म्हणून धरून ठेवलेला. आणि त्या श्वासामागे टकटक येत होती, की-बोर्डवर बोटं पडतात तशी. ते गाणं उघड्या रानात, मोबाइलवर भरलेलं आहे. या कम्प्युटरला माइकही नाही.

मी की-बोर्डवरचे हात मांडीवर घेतले. टकटक थांबली.

मग मी गाणं बंद करायला बोट पुढे केलं... ते कळेवर टेकायच्या आधीच, गाण्याच्या आत ती कळ दाबल्याचा आवाज आला.