फुगा फुटण्याआधी

उधन्यातील आमची प्रयोगशाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खाली लूमचे खाते, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, दिवसभर चालते. त्याची थरथर भिंतींतून वर चढते आणि मेंदूच्या आलेखात बारीक दातांसारखी उमटते. म्हणून कोणी येण्याआधीच मी यंत्र आणि कॅमेरा सुरू करतो, मेंदूचे संकेत टिपणारी बत्तीस तारांची टोपी थर्मोकोलच्या डोक्यावर चढवतो आणि ती थरथर मोजून घेतो. नंतरच्या नोंदीतून ती वजा करता येते.

नैराश्याने ग्रासलेली मुले जोखीम कशी घेतात, हे आम्ही पाहत होतो. पडद्यावर फुगा दिसतो. बटण दाबले की तो फुगतो, गुण वाढतात. फुटला की गुण जातात. दाबल्यावर तो फुटणार की नाही, हे संगणक त्याच क्षणी, कोणत्याही क्रमाशिवाय ठरवतो. फुटल्यानंतर सुमारे पाव सेकंदाने आलेख खाली उतरतो. मेंदूने नुकसान नोंदवले, असा त्याचा अर्थ. आम्ही त्याला दरी म्हणतो.

धनश्री सोळा वर्षांची. आईबरोबर डिंडोलीहून आली. आई, रंजनाताई, घरी साड्यांवर स्टोन चिकटवतात. बोटांच्या टोकांवर वाळलेला गोंद पांढरा दिसत होता.

“सायेब, दोन महिना व्हयी गयात, हाई पोर हासत नही,” त्या म्हणाल्या.

“कोणावर हसू, मम्मी?” धनश्री म्हणाली. मग टोपीकडे पाहून, “ही घालून गरब्यात गेले तर पहिलं इनाम मलाच.”

प्रत्येक मुलाला सांगतो ते मी तिलाही सांगितले. “घाबरू नकोस. तू जे लिहिशील ते इथे त्याच दिवशी वाचलं जाईल.”

तिने प्रश्नावली भरली, पाकिटात घालून बंद केली. ते पाकीट मी उघडायचे नव्हते. आलेख वाचणाऱ्याला उत्तरे ठाऊक असली की त्याचा निष्कर्ष झुकतो. म्हणून तिन्ही नोंदी पूर्ण होईपर्यंत ती माझ्यापासून दूर ठेवायची, हा नियम मीच लिहिला होता. त्याच दिवशी वाचण्याचे, आणि मरणाचा विचार कोणी नोंदवला तर मानसोपचारतज्ज्ञांना कळवण्याचे काम माझी सहायक कविता हिचे होते. कविता आदल्याच दिवशी बाळंतपणासाठी नंदुरबारला गेली होती. पाकिटे ठेवायच्या तिच्या खणाची किल्ली मी घेतली. काम कोणाकडेच दिले नाही. ते लक्षात आले नाही, असे मी नंतर सांगत असे. परंतु धोका नोंदवलेले मूल प्रयोगातून वगळावे लागते, आणि माझ्याकडे एकोणीसच मुले होती.

दहा दिवसांनी दुसरी नोंद. मी तिच्या केसांत जेल भरत होतो.

“सर, माझा कागद वाचला?”

“वाचला.”

“आखा?”

“हो, सगळा.”

आरशातून तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. “ओके,” ती म्हणाली. पुन्हा विचारले नाही.

त्या दिवशीच्या आलेखात दरी फुगा फुटण्याच्या चार दशांश सेकंद आधी होती. प्रत्येक वेळी. मी केबल बदलली, प्रकाशमापक लावून पडद्याची वेळ तपासली. तंत्रज्ञ शालिग्राम स्वतः टोपी घालून बसला. त्याच्या दऱ्या जागच्या जागी आल्या.

“साहेब, घड्याळं बरोबर आहेत,” तो म्हणाला. “पोरगीच पुढे आहे.”

तिसरी नोंद गुरुवारी दुपारी झाली. आता अंतर नऊ सेकंदांचे होते. दरी उमटे, आणि तरीही धनश्रीचे बोट बटणावर जाई. मला राहवले नाही.

“फुटणार हे तुला कळतं?”

“कळतं.”

“मग का दाबतेस?”

“बघते, कोणी थांबवतं का.”

रंजनाताई तिला घेऊन गेल्या. नियमानुसार आता पाकीट उघडायला हरकत नव्हती. मी ते उघडले.

मरणाच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नासमोर ‘रोज’ या शब्दाभोवती वर्तुळ होते. पेन इतके दाबलेले की कागद फाटला होता. खाली तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, आणि एक ओळ.

‘सर हे गुरुवारी वाचतील. साडेचारला.’

भिंतीवरच्या घड्याळात चार एकतीस झाले होते. ते घड्याळ एक मिनिट पुढे आहे.

मी फोन लावला. तिनेच उचलला.

“मम्मीला देते,” ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, “तेव्हा वाचला बोलले होते ना, सर?”

तिला क्षणभरही एकटे सोडू नका, असे मी रंजनाताईंना सांगितले. तासाभरात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. गायत्री यांना घेऊन डिंडोलीला पोहोचलो. उपचार त्याच दिवशी सुरू झाले. आज चार महिने झाले. ती शाळेत जाते, कधीकधी हसते, असे तिची आई सांगते. माझ्याशी मात्र ती बोललेली नाही.

प्रयोग मी थांबवला आणि संशोधनावर देखरेख करणाऱ्या नीतिमत्ता समितीला सर्व लेखी कळवले. अहवालासाठी पहिल्या दिवसाची नोंद सुरुवातीपासून पाहावी लागली. लूमची थरथर मोजण्याचा भागही. एरवी तो कोणी पाहत नाही.

त्या भागात एक दरी आहे.

एकच. तिन्ही नोंदींतील सर्वांत खोल. बत्तीसही तारांवर.

पडद्यावर तेव्हा फुगा नव्हता. मी कॅमेऱ्याचे चित्रण आलेखाशी जुळवले.

धनश्री दाराशी उभी आहे. मी तिला सांगतो आहे, “तू जे लिहिशील ते इथे त्याच दिवशी वाचलं जाईल.” ‘वाचलं’ या शब्दावर आलेख खाली उतरतो.

टोपी अजून थर्मोकोलच्या डोक्यावर आहे.