लगोऱ्यांचा कडा

एका दिवसात पाहुण्यांना कुठे न्यायचं, हा डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, आमच्या फ्योर्डच्या काठच्या प्रत्येक घराचा उन्हाळी प्रश्न. माझ्याकडे उतरलेल्या वीबे आणि औक्ये या डच नवराबायकोपुढे मी त्या सकाळी तीन बेत ठेवले. होडीने पक्ष्यांचं बेट, बसने हिमनदीचं तोंड, नाहीतर पायी कड्यावरून पलीकडच्या दगडी झोपडीपर्यंत.

"बेटावर जाताना पोट ढवळतं," मी म्हणाले. "आणि हिमनदीपाशी माणसांखेरीज काही दिसत नाही."

"म्हणजे कडाच," वीबे हसला. "आमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे समुद्राचा बांध. तिथे चढतानाही ही मला धरते."

मला कडाच हवा होता. तो गुरुवार होता, आणि दर गुरुवारी आमच्या खोऱ्यातला वाटाड्या गुट्टोर्म आपले पाहुणे घेऊन त्याच कड्यावर जातो. त्याला त्याच्या पाहुण्यांसमोर गाठायचं, आणि माझ्या भावाबद्दल पसरवलेलं खोटं त्याच्याच तोंडून परत घ्यायला लावायचं, यासाठी मी निघाले होते. निसर्ग होता तिथेच राहणार होता.

आमच्या डोंगरावर वाट दाखवायला दगडांचे ढीग असतात. आजा-पणजांनी रचलेले. धुक्यात एका ढिगापासून दुसरा शोधत माणूस घरी येतो. वाटेबाहेर दगडावर दगड ठेवायचा नाही, हे इथलं मूल बोलायच्या आधी शिकतं. गुट्टोर्मने मात्र पाहुण्यांसाठी नवी गंमत काढली: प्रत्येकाने आपली लगोरी रचायची आणि तिच्याशेजारी फोटो काढायचा. फोटो सर्वांत छान येतो तो कड्याच्या टोकाशी. लगोऱ्याही तिथेच उभ्या राहिल्या.

गेल्या शरदात माझा भाऊ ओइस्टाइन मेंढ्या उतरवत होता. धुकं आलं. परका असता तर जागीच थांबला असता. आमचा माणूस ढीग दिसला की पाय टाकतो. त्याने टाकला. खाली समुद्र होता.

आणि गुट्टोर्म दुकानात उभा राहून म्हणाला, "प्यायलेला असणार बिचारा."

तेव्हापासून दर रविवारी प्रार्थनाघरात मी क्षमेची गाणी म्हणत आले. तिथे गाणं उचलणारी मीच, आणि माझ्या गळ्यावर देवाची कृपा आहे, असं लोक म्हणतात. पण गाणं ओठांवर असायचं आणि पोटात धगधगता निखारा.

चढ सुरू झाला. बर्चची झाडं संपली, मग काळे, ओले कातळ लागले. रात्रीच्या पावसाने ओढा फुगला होता. वीबेने दगडावर पाय टाकला आणि दगड निसटला! कमरेइतक्या पाण्यात वीबे वाहत निघाला. मी त्याच्या पिशवीचा पट्टा पकडला, औक्येने माझा कोट. तिघं मिळून काठाला लागलो.

"बांधावर असलं काही होत नाही," दात वाजवत वीबे म्हणाला.

"परत फिरायचं का?" औक्येने मला विचारलं.

शहाण्या बाईने हो म्हटलं असतं. मी म्हणाले, "झोपडीत शेगडी आहे. कपडे वाळतील." ते खरं होतं, पण मी ते त्यासाठी म्हटलं नव्हतं.

डोंगराच्या धारेखाली पोचलो तेव्हा समुद्रावरून धुकं चढू लागलं. आधी खालची वाडी गेली, मग ओढा, मग पुढे चालणारी औक्ये. मी दोघांना दोरीने माझ्या कमरेला बांधलं आणि जुने ढीग हाताने चाचपत झोपडी गाठली.

आत गुट्टोर्मचे पाहुणे शेगडीभोवती बसले होते. तो नव्हता.

"एकीची पिशवी टोकाशी राहिली," एक जण म्हणाला. "तो आणायला गेलाय. बराच वेळ झाला."

मी वीबेला शेगडीजवळ बसवलं आणि दोरी घेऊन बाहेर पडले. औक्ये न विचारता मागे आली.

वाट फुटते तिथला जुना ढीग हाताला लागला तशी मी थांबले. डावीकडे, धुक्याच्या आत, बूट घासल्याचा आवाज.

"कोण आहे तिकडे?" गुट्टोर्मचा आवाज.

"टोरबोर्ग," मी माझं नाव सांगितलं.

बूट पुन्हा घासले. मग, "देवानेच पाठवलं तुला. पुढे ढीग दिसतोय, तिकडूनच ना?"

"दिसतोय ना? मग जा की. तुला तर डोंगर पाठ आहे."

"टोरबोर्ग, थट्टेची वेळ नाही ही."

"ओइस्टाइन शुद्धीत होता. म्हण. म्हणालास की वाट सांगते."

औक्येने माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं.

तेवढ्यात दगड सुटले. खडखडले, आणि मग आवाजच नाही. खूप वेळ काहीच नाही. मग खाली, अगदी खाली, पाणी वाजलं.

"पाय सरकला!" तो ओरडला. "म्हणतो! तू म्हणशील ते म्हणतो! तो शुद्धीत होता, मी खोटारडा, अजून काय म्हणू?"

झालं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते माझ्या पदरात पडलं, आणि हातात घेताच नासलं. त्या क्षणी मी त्याला काहीही म्हणायला लावलं असतं. असला शब्द मला भावाच्या नावाला चिकटवायचा नव्हता.

पण त्याला आणायचं कसं? त्या जागी नुसती हाक कातळांवर आपटून चारी बाजूंनी परत येते. तिथे टिकते ती गुराखिणींची लांब, उंच साद. आईने ती मला शिकवली होती. आणि त्या सादेत गाईचं नाव घेतल्याशिवाय माझा गळा उघडत नाही.

मी श्वास भरला.

"ये गं डागरोऽऽस! ये गं बाई, येऽऽ!"

तो याच खोऱ्यातला. आपल्याला गाय म्हणून बोलावलं जातंय, हे त्याला चांगलं कळलं.

"ये गं जाडे, हळू येऽऽ!"

आणि तो आला! चारी पायांवर. आधी हात चाचपडत दिसले, मग चिखलाने भरलेलं तोंड. मी दोरी फेकली. त्याने ती दातांतही धरली असती.

आम्ही झोपडीत शिरलो तसं वीबेने विचारलं, "मिळाली का गाय?" औक्येने त्याला डोळ्यांनी गप्प केलं, पण गुट्टोर्मच्या पाहुण्यांनीही साद ऐकली होती. हसू दाबलेलं मला दिसलं. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं.

दुपारी धुकं उठलं. खाली पाणी निळं, रिकामं, एकही होडी नाही. मी सगळ्यांना कड्यावर नेलं, टोकापासून दूर बसवलं आणि गुट्टोर्मच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक कातळाला अडकवलं.

"पाड," मी म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने पहिल्या लगोरीचा दगड उचलून बाजूला ठेवला.

"तिथे नको. खाली टाक."

त्याने टाकला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. दगड बराच वेळ पडत होता.

त्याने दुसरा टाकला. मग तिसरा. मग तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"हात काढ, गुट्टोर्म," मी म्हणाले. "अजून पुष्कळ आहेत."