थांबायची खूण

जानेवारीची कोवळी उन्हं पाठीवर घेत धर्मराज सर जुन्या जालन्यातल्या हार्डवेअरच्या दुकानाशी आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत रॉकेलची बाटली, तारेचा ब्रश आणि लाल प्रायमरचा डबा जमा झाला होता. पॉलिश पेपर तेवढा राहिला होता.

"खिडक्या रंगवून राह्यले का सर?" दुकानदारानं विचारलं.

"खिडक्या नाहीत. रणगाडा."

दुकानदार मोठ्यानं हसला. सरही हसले, आणि पिशवी घेताना हाताचं थरथरणं त्याला दिसू नये म्हणून घाईनं वळले.

जन्मभर कॉलेजात त्यांनी भौतिकशास्त्र शिकवलं होतं, त्यात डॉक्टरेट मिळवली होती. पण निवृत्तीनंतर त्यांचा स्वतःवरचा विश्वास हळूहळू झिजत गेला. कुलूप लावून निघाले की वाटेतून परत फिरत. गॅस बंद केल्याचं आठवे, पण ते आजचं की कालचं, हे सांगता येत नसे. त्यात हे हात. चहाची बशी धरली की कप वाजायचा. अशा हातांनी त्यांनी पुष्पावहिनींना शब्द देऊन ठेवला होता.

पुष्पाबाई म्हणजे त्यांच्या मित्राची, भुजंगची बायको. भुजंगनं उमेदीची वर्षं फौजेत रणगाडा चालवला आणि परत आल्यावर एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये फिटर म्हणून नोकरी धरली. तिथल्या पत्र्याच्या तुकड्यांतून त्यानं घरामागच्या शेडमध्ये एक रणगाडा उभा केला. बसलेल्या वासराएवढा, अस्सल लोखंडाचा. कडी कडी जोडून केलेले पट्टे, आत ट्रकच्या वायपरच्या मोटारी, वर फिरणारा बुरूज. तो दुरून चालवायचा रेडिओ मात्र सरांनी बसवला होता. "अंग माझं, कान सरांचे," असं भुजंग ज्याला त्याला सांगायचा.

तीन वर्षांपूर्वी भर दुपारी, त्याच शेडमध्ये, तो एकटा असताना गेला. रिमोट मांडीवर तसाच होता. रणगाडा समोरच्या भिंतीला नाक लावून जागच्या जागी पट्टे फिरवत होता. बॅटरी उतरेपर्यंत तो थांबला नाही. मातीच्या जमिनीत त्यानं खणलेले दोन चर अजून तसेच होते.

आता घर विकलं गेलं होतं आणि पुष्पाबाई नाशिकला लेकीकडे निघाल्या होत्या. रणगाड्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक आबाराव तो शाळेच्या आवारात ठेवायला तयार होते, पण त्यांची अट होती : चालता हवा, गंजकं भंगार नको. नाहीतर भुजंगचा पुतण्या कडूबा तो भंगारवाल्याच्या टेम्पोत घालणार होता. जालन्यात भंगार एकदा टेम्पोत चढलं की थेट भट्टीतच उतरतं.

"यांच्या हातचं एवढंच उरलंय सर," पुष्पाबाई म्हणाल्या होत्या. "भट्टीत नका जाऊ देऊ."

सर रोज दुपारी शेडमध्ये जाऊ लागले. पट्ट्यांच्या पिना गंजून धरल्या होत्या. त्या रॉकेलमध्ये भिजवायच्या, हलक्या हातोडीनं ठोकून काढायच्या, ब्रशनं घासायच्या, ग्रीस भरून पुन्हा घालायच्या. पत्रे तापले की शेडमध्ये रॉकेलचा, गंजाचा आणि आणखी एक कसलातरी वास दाटायचा. भुजंग तंबाखू मळायचा, तसा काहीसा. ब्रश थांबवला की वाटायचं, आत कुणीतरी खाकरलं. सर कान देऊन बसत. पत्रा तापला की वाजतो, असं स्वतःला समजावत. समजूत बरोबर होती, पण पटत नव्हती.

एकदा चहा घेऊन आलेल्या पुष्पाबाई दारातच उभ्या राहिल्या.

"याच्यापुढं मी उभी राह्यचे," त्या म्हणाल्या. "यांचा नियमच व्हता. आडजागी गाईडशिवाय गाडी हलवायची न्हाई. फौजेत म्हणे, आतल्या डायवरला जवळचं दिसत न्हाई. समोरच्या गाईडचे हात दिसतात, तेवढेच. मंग मला खुणा शिकवल्या."

"कसल्या खुणा?"

त्यांनी लाजत दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलले, तळवे स्वतःकडे केले आणि हवा आपल्याकडं ओढल्यासारखी केली. "ही पुढं यायची. शेजारच्या बाया हसायच्या. म्हणायच्या, पुष्पा बैल हाकती का इमान उतरवती?" त्या हसता हसता थांबल्या. "त्या दिवशी मी मंठ्याला बहिणीकडं गेल्ते, सर. समोर कुणीच नव्हतं... मंग यांनी गाडी कशी काय हलवली?"

 सरांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

भंगारवाल्याचा टेम्पो यायच्या दिवशी सकाळीही रणगाडा चालवून बघायचं काम राहिलंच होतं. आदल्या दिवशी सरांनी रणगाड्यातला, रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर उघडून साफ केला होता. त्यात नखाएवढी, चकचकीत पत्र्याची एक डबी बसते. तिला क्रिस्टल म्हणतात. ती नसेल तर रिसीव्हर ठार बहिरा. ती आपण परत बसवली, असं सरांना आठवत होतं. झाकणाचे स्क्रू आवळलेले त्यांना नक्की आठवत होते.

कडूबा टेम्पोच्या फळीला टेकून उभा होता. "सर, डॉक्टर झाले तुम्ही, अन् खेळणं चालू व्हईना? काकू, टेम्पोवाला बोंबलून राह्यला, जल्दी करा."

"थांब रे, कडूबा," पुष्पाबाई म्हणाल्या.

सरांनी बटण दाबलं. रिमोटची दांडी पुढं केली. काहीच नाही. पुन्हा केली. हात इतके थरथरत होते की दांडी आपोआप मागंपुढं होत होती. शेडच्या अंधारात रणगाडा मुकाट बसून होता. एक साधी गोष्ट... ती पण आपल्याच्यानं झाली नाही. सरांनी मान खाली घातली.

तेव्हा पुष्पाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला. मागून ऊन येत होतं, त्यामुळे त्यांची नुसती काळी आकृती दिसत होती. त्यांनी हात खांद्यापर्यंत उचलले आणि हवा आपल्याकडं ओढली.

आत मोटार घुरघुरली.

पट्टे ताणले गेले. कड्या वाजल्या. रणगाडा त्या जुन्या चरांतून मागं सरला, जागीच वळला, बुरूज दाराकडं फिरला, आणि तो पुढं निघाला. पुष्पाबाई उलट्या पावलांनी अंगणात गेल्या, तो त्यांच्या मागोमाग. त्यांनी डावा हात हलवला, तो वळत वळत शेडकडं तोंड करून फिरला. सर रिमोट घट्ट धरून शेडमध्येच उभे होते. आपणच चालवतोय, असं त्यांना वाटत होतं. डोळे भरून आल्यामुळे बाहेरचं काही धड दिसत नव्हतं. ते दाराशी आले तेव्हा पुष्पाबाई त्यांच्याकडं पाठ करून उभ्या होत्या आणि गाडी त्यांच्यापुढं थांबली होती.

"आयला!" कडूबा म्हणाला. नंतर कुणी न सांगता त्यानंच रणगाडा अलगद शाळेत पोचवला. संध्याकाळी पुष्पाबाई नाशिकच्या गाडीत बसल्या. जाताना सरांच्या पाया पडल्या. "तुम्ही होते म्हणून झालं," म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी सर त्या रात्री शांत झोपले.

दोन-तीन दिवसांनी, सव्वीस जानेवारीच्या तयारीसाठी आबारावांनी त्यांना बोलावलं. मुलं घरी गेली होती. मैदानावर संध्याकाळचं पिवळं ऊन पडलं होतं. आबाराव किल्ली आणायला आत गेले. रणगाडा ध्वजाच्या चौथऱ्याजवळ होता आणि सर समोर, कंपाउंडच्या भिंतीला लागून उभे होते. गार वारा सुटला. त्यांनी चष्मा काढायला कोटाआड शर्टाच्या खिशात हात घातला. चष्म्याबरोबर कागदाची एक पुडी बाहेर आली.

पुडीत क्रिस्टल होतं.

हा शर्ट त्यांनी त्या साफसफाईच्या दिवसानंतर आजच घातला होता. सरांनी ती डबी उलटसुलट करून पाहिली. आपलं डोकं... आपलं डोकंच आता... की हे दुसरं एखादं क्रिस्टल असेल? पण दुसरं नव्हतंच. एकच होतं. मग त्या दिवशी तो रिसीव्हर कुणाचं ऐकत होता?

कान गार पडले होते. त्यांनी पुडी खिशात टाकली आणि गळ्यातला मफलर डोक्याला गुंडाळायला दोन्ही हात उचलले. तळवे चेहऱ्याकडं, मफलरची टोकं आपल्याकडं ओढलेली.

चौथऱ्याजवळ मोटार घुरघुरली.

रिमोट पिशवीत होता. बंद. बुरूज सावकाश फिरला आणि सरांवर येऊन स्थिरावला. मग कड्यांचा तो आवाज, मातीवरून, घाई न करता. सरांनी हात खाली घेतले. तो येतच राहिला. मागं सरायला गेले तर पाठ भिंतीला लागली. आणि तेव्हा त्यांना आठवलं : पुढं यायची खूण वहिनींनी दाखवली होती. थांबायची खूण कशी असते, ते आपण पाहिलंच नाही.

"भुजंग..." त्यांच्या तोंडून निघालं. "अरे, मी आहे..."

रणगाडा त्यांच्या चपलांना टेकेल न टेकेल असा थांबला. तापल्या लोखंडाचा वास आला, आणि मळलेल्या तंबाखूचा. काही क्षण दोघंही तसेच होते, एकमेकांसमोर, कुणाची तरी वाट बघत. सरांना भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर, तीन वर्षांनी मित्र भेटल्यासारखंही वाटत होतं.

कंपवायूनं हात हलत होते. आता एकही चुकीची खूण व्हायला नको, म्हणून त्यांनी दोन्ही हात हळूच कोटाच्या खिशात खोल घातले, जिथून ते कुणालाच दिसणार नाहीत. बोटं तिथंही थरथरत राहिली.

समोर, त्याच लयीत, बुरूज डावी-उजवीकडं थरथरू लागला.