गुडघ्याच्या वाटीखाली

"आम्ही काय इतकी वर्षं प्लास्टरच्या भाकऱ्या थापत होतो?" विदुला खामकर बादलीत बघून पुटपुटली. बादलीतलं कालवलेलं प्लास्टर हे कुणाला सांगणार नव्हतं. पण आतल्या खोलीतल्या नसीम मुलाणीने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दिसावं म्हणून कानस जरा जोरात चालवली.

मिरजेच्या त्या कृत्रिम पाय केंद्रात बावीस वर्षं एकच क्रम होता. गुडघ्याखाली पाय नसलेला माणूस येई. विदुला त्याच्या उरलेल्या पायाभोवती ओल्या पट्ट्या गुंडाळून ठसा घेई. नसीम त्या ठशात प्लास्टर ओतून साचा काढी, घासून नीट करी, आणि त्या साच्यावरून पाय बसवायची खोबण तयार होई. माणूस चालू लागे आणि विदुलाला हात जोडे. नसीम आतल्या खोलीत असे.

आता कायदा आला होता. पन्नाशीला पोचलेल्या प्रत्येक नागरिकाने आपलं एक कौशल्य देशाच्या कोशापुढे ठेवायचं, आणि कोश त्यातलं हवं ते निवडून घेणार. चाळीस जिल्ह्यांत नवी केंद्रं उघडत होती, शिकलेली माणसं पुरत नव्हती, म्हणून तिथे यंत्रहात बसणार होते. त्यांना शिकवायला माणसांचे हात हवे होते. प्रत्येक यंत्रहातावर देणाऱ्याचं नाव कोरलं जाणार होतं. कौशल्यदानाच्या दिवशी विदुला ठेवणीतली इरकल नेसून आली होती.

कोशाने नसीमचा हात निवडला.

"माझ्यात काय कमी आहे, ते एकदा सांगा," विदुलाने कोशाच्या डॉ. कार्तिकी ढोबळेंना गाठलं.

"कमी नाही, ताई. उलट तुमच्या नोंदीत एकही चूक नाही."

"मग?"

कार्तिकीने दानाच्या दिवशी सगळ्यांच्या हातात चढवलेला लेखमोजा उलटा करून आतल्या बारीक तारा दाखवल्या. "काम करताना हाताला काही खुपलं, की मेंदूत एक लाट उठते आणि हातापर्यंत येते. मग हात ते सुधारतो. मोजा ती लाट आणि ती सुधारणा टिपतो. यंत्राला सरळ रेघ मारायला आम्हीही शिकवू शकतो. रेघ वाकडी जातेय हे कधी ओळखायचं, ते माणूसच शिकवतो. नसीमताईंच्या एका साच्यात तीस-तीस सुधारणा आहेत. तुमच्यात शून्य."

"म्हणजे जी चुकते तिचा मान!"

"देशाला सफाईपेक्षा दुरुस्ती हवी आहे, असं म्हणा."

विदुला म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोजा पुन्हा मागून घेतला आणि पट्टी मुद्दाम तिरपी गुंडाळून सोडवली. पाच वेळा. मोजा ढिम्म. "ज्या चुकीचं माप आधीच ठाऊक असतं ती खुपत नाही, ताई," कार्तिकी शक्य तितक्या हळू म्हणाली.

त्यानंतर विदुलाला नसीमची बोटं दिसायला लागली. बावीस वर्षांत न पाहिलेली आखूड, कानशीने सोललेली बोटं. चहावालाही आता आधी आतल्या खोलीत जातो, हे तिने टिपलं. "देशाची लेक झालीस बाई," ती डबा उघडताना म्हणाली. "आमच्याशी बोलायला परवानगी लागते का?"

"काहीतरीच तुमचं, ताई," म्हणून नसीमने तिच्यापुढे शेंगदाण्याची चटणी सरकवली. विदुलाने घेतली. चटणीवर राग काढण्याइतकी ती वाईट नव्हती.

महिन्याने कार्तिकी परत आली ती नवी खोबण पिशवीत घालून. तिने टेबलाभोवती सगळ्यांना बोलावलं.

"यंत्रहातांनी केलेले पहिले पाय टोचतायत. एकूण एक. आणि एकाच जागी, गुडघ्याच्या वाटीखाली. तिथे यंत्र साचा जास्त घासतं, म्हणून खोबण आवळते. नसीमताई, तुमच्या तीसपैकी वीस सुधारणा त्याच जागेवर आहेत. तुम्हाला तिथे दर वेळी जास्तीचं प्लास्टर सापडतं. त्या केंद्रांतल्या ठशांत तिथे जास्तीचं काही नसतंच."

"मग हिची घासायची सवयच वाईट!" विदुला उजळली. "मी म्हणत नव्हते?"

"सवय असती तर लाट उठली नसती. नसीमताईंना तिथे दर वेळी काहीतरी खुपतं, आणि ते दर वेळी कमीजास्त असतं." कार्तिकीने सगळ्यांकडे पाहिलं. "ते का खुपतं, हे कळलं नाही तर सोमवारी यंत्रं बंद करावी लागतील. चारशे माणसं ठसा देऊन थांबलेली आहेत."

विदुलाला पट्ट्या भिजवून देणाऱ्या बाई हाताचं प्लास्टर खरवडू लागल्या. चामडं कापणारे दादा खिडकीबाहेर बघू लागले. नसीमने कानस पुसली, आधीच स्वच्छ असलेली.

"मुकी झालीस का?" विदुला म्हणाली. "सांग की. तुझ्या चुकीपायी चारशे लोक खोळंबलेत."

"माझी नाही, ताई."

"मग कुणाची?"

नसीमने विदुलाचा उजवा हात धरला आणि त्याचा अंगठा स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीखाली नेऊन ठेवला.

"ठसा घेताना इथे दाबायचं असतं. तुम्ही दाबत नाही. माणूस कळवळतो, ते तुम्हाला बघवत नाही, म्हणून अंगठा उचलता. मग साच्यात तिथे जास्तीचं प्लास्टर साठतं. शून्य आलं ते चूक नव्हती म्हणून नाही. तुम्हाला ती कधी कळली नाही म्हणून. बावीस वर्षं मी तुमची चूक घासतेय, ताई."