कडेला उमटलेली पट्टी

"कांचनमावशी, लवकर या ना! आजोबांनी मला घरातून काढलंय."

फोनवर पीयूषचा आवाज रडवेला होता. कांचन मोहित्यांनी पायांत चपला सरकवल्या. रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेली ही बाई. दांडिया बाजारात कुणाचं काही हरवलं, कुणी कुणाला फसवलं, की आधी तिच्याकडे धाव. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं.

घरात पीयूषचे आजोबा, पिलाजीराव जगताप, सोफ्यावर ताठ बसले होते. पीयूष उंबऱ्याबाहेर उभा होता. गल्लीच्या गणपतीची आरती सांगायचा मान कित्येक वर्षं पिलाजीरावांचा. उद्या गणपती बसायचे, आणि म्हातारा म्हणत होता, मंडपात पाऊल ठेवणार नाही.

"सकाळी दाराखाली हे सापडलं," त्यांनी कागद पुढे टाकला. "वाच."

चकचकीत कागदावर एक स्क्रीनशॉट छापलेला होता. मंडळाच्या छोट्या ग्रुपमधलं बोलणं.

'श्रीकृष्णकाका: पिलाजीरावांना हल्ली आरतीच्या ओळी आठवत नाहीत. लोक हसतात. यंदा दुसरं कुणी बघू या.'

'प्राचीताई: वाईट वाटतं, पण त्यांना सांगणार कोण?'

"या ग्रुपात तिघंच," पिलाजीराव म्हणाले. "श्रीकृष्ण, प्राची आणि हा माझा नातू. त्यांची नावं काका आणि ताई म्हणून फोनमध्ये कोण ठेवणार? हाच! तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून कागद सरकवतो. आजपासून मला नातू नाही."

"भगवानना सम, देवाची शपथ मावशी, मी नाही केलं," पीयूष म्हणाला. "फोनमध्ये बघा, असं चित्रच नाही."

"पुसलं असशील."

कांचनने कागद तिकिटासारखा उजेडात धरला. आधी कोपरे, मग कडा, मजकूर शेवटी. ही तिची जुनी सवय. वर बॅटरीच्या खुणेत विजेची रेघ छापली होती. म्हणजे फोन तेव्हा चार्जिंगला होता. उजव्या कडेला एक उभी काळी पट्टी उमटली होती आणि दोन-तीन अक्षरं तिच्याखाली गेली होती.

ती स्वयंपाकघरात गेली. चिमणाबाई, पीयूषच्या आजी, चहा गाळत होत्या. बोटं संधिवातानं वाकलेली, म्हणून पातेलं दोन्ही हातांनी धरलेलं. मिक्सरशेजारी चार्जर लोंबत होता.

"पीयूषचा फोन इथेच लावता?"

"सगळ्यांचे इथेच. बाहेरचा प्लग सैल आहे." मग हळूच, "पोरानं काही खाल्लं का गं?"

"विचारलं नाही. आणि फोनला कुलूप?"

"आमच्यात कसलं कुलूप! मला विनोद वाचून दाखवतो त्यातले." चहा बशीत सांडला. "खाल्लं नसणार त्यानं."

फ्रिजवर मोदकांची कृती लावलेली होती, चकचकीत कागदावर छापलेली. पिठाचं माप नेमकं कडेच्या काळ्या पट्टीखाली गेलं होतं. कांचन ती वाचत थोडा वेळ उभी राहिली.

"चहा बिनसाखरेचा!" बाहेरून पिलाजीराव ओरडले. "आणि तिला सांग कांचन, मंडपात पुढे पुढे म्हणायची खोड सोड म्हणावं. माझी ओळ तोंडातून निघायच्या आत बायकांतून हिची तयार!"

चिमणाबाईंनी पदराला हात पुसले.

कांचनने श्रीकृष्ण आणि प्राचीला बोलावून घेतलं. दोघंही मान खाली घालून आले. लिहिलं त्यांनीच होतं ना.

"मला स्क्रीनशॉट घ्यायला शिकवा," ती म्हणाली. "पीयूषच्याच फोनवर. पीयूष, आधी तू."

पीयूषने तीन बोटं पडद्यावरून खाली ओढली. चित्र निघालं.

"श्रीकृष्णभाऊ?"

श्रीकृष्णने तळहाताची कड पडद्यावरून फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. "माझ्या फोनवर होतं असं. दुसरं काही मला येत नाही."

"प्राची, तू?"

"माझ्या फोनवर मी पाठीमागे दोनदा टिचकी मारते. पण कुठल्याही फोनवर चालतं ते हे." तिने आवाजाचं बटण आणि बाजूचं बटण एकदम दाबलं. चित्र स्वच्छ आलं.

कांचनने तिन्ही चित्रं पाहिली आणि फोन खाली ठेवला. आता जे बोलायचं होतं ते बोलू नये असं तिला मनापासून वाटत होतं. पण पोरगा अजून उंबऱ्याबाहेरच होता.

"पिलाजीराव, फोन पीयूषचा हे कबूल. पण गाडीत मी अशी किती माणसं पाहिली, तिकीट एकाचं आणि प्रवास दुसऱ्याचा. या कडेच्या पट्टीकडे बघा. ही आवाज कमी-जास्त करायची पट्टी. दोन बटणं एकदम दाबली नाहीत, आवाजाचं आधी आणि दुसरं मागाहून दाबलं, की ही उमटते. पीयूष बटणं वापरत नाही. श्रीकृष्णभाऊंना ती ठाऊक नाहीत. प्राचीच्या चित्रात पट्टी येत नाही. फोन चार्जिंगला होता, म्हणजे स्वयंपाकघरात. आणि तशीच पट्टी, तसाच कागद, फ्रिजवरच्या मोदकांना आहे. ज्याची बोटं एकदम वळत नाहीत, त्याचा हा हात."

आत कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. चिमणाबाई दारात आल्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "माझ्या फोनवर पाठवला, त्याच्या फोनमधला पुसला. वाडीतल्या फोटोच्या दुकानात मोदकांची कृती छापून दिली होती ना, तिथूनच हाही छापून आणला. पोराला बाहेर काढलंत तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही माझी."

"पण का?" पिलाजीरावांनी विचारलं.

"मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? बाहेरच्या कुणी कळवलं असं वाटावं म्हणून केलं. पोरं मागे उभी राहून हसतात हो तुम्हाला. मला नाही बघवत."

"बा, बटणं मीच शिकवली तुला," पीयूष उंबऱ्यातून आजीला म्हणाला. "आणि ग्रुपात ते वाचून गप्पही मीच बसलो."

पिलाजीराव बायकोकडे वळले.

"तू पुढे पुढे म्हणायचीस. ते मला ओळ सांगत होतीस?"

चिमणाबाईंनी मान डोलावली.

"आणि मी चारचौघांत डाफरायचो तुला." त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. "पीयूष, आत ये. चूक माझी झाली, बाळा. आधी जेव."

पीयूष आत आला. म्हाताऱ्याने आरतीच्या झांजा कपाटातून काढल्या, क्षणभर हातात धरल्या आणि चिमणाबाईंच्या वाकड्या बोटांत ठेवल्या.

"उद्या तूच पुढे म्हण," ते म्हणाले. "मी मागून म्हणतो."